साहेबाच्या होडीची मोटार : प्रकल्पाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिवाळी आटोपली. केळीच्या बागांमधल्या पाणबुडी मोटारी जळून यायला अजून उन्हाळा लांब आहे, त्यामुळे रिवाइंडिंगच्या दुकानात काम कमी. आज होडी खळ्यातल्या पत्र्याखालून बाहेर ओढली. सहा माणसं लागली. तीस वर्षांत तिच्यावर कडबा, ठिबकच्या जुन्या नळ्या, घडांना बांधायच्या निळ्या पिशव्या असं सगळं साठलं होतं. धूळ झटकली तर खालचं सागवान जसंच्या तसं.

ही होडी गिरणा धरणाच्या कामावरची. धरण १९६९ मध्ये पुरं झालं, कामावरचं सामान पुढे लिलावात निघालं आणि १९७१ मध्ये आबांनी ती घेतली. लिलावाची पावती आबांच्या ट्रंकेत अजून आहे. तिच्यावर ‘लाकडी होडी १, इंजिनासह’ एवढंच. कंपनी नाही, नंबर नाही. पाहणीला येणारे साहेब तिच्यात बसत, म्हणून गावात तिला अजून साहेबाचीच होडी म्हणतात. आबांनी तिच्यातून तापीपलीकडे माणसं नेली, केळीचे घड नेले, एकदा तर नवरीसुद्धा नेली.

मोटार मात्र आता नाही. ती कुठे गेली विचारलं की आप्पा उठून गाईला पाणी दाखवायला जातात.

मला होडी पुन्हा तापीत उतरवायची आहे, आणि तिच्या काळात तिच्यावर खरोखर शोभली असती अशाच मोटारीवर. नवीन जपानी फोर-स्ट्रोक उद्या मिळेल, ती चालेलही उत्तम. पण या होडीच्या मागच्या फळीवर ती बघवणार नाही.

मापं: लांबी १४ फूट, रुंदी ५ फूट. मागची फळी, जिच्यावर मोटार टांगतात, ती मधोमध तळापासून बरोबर १५ इंच उंच आणि १० सूत जाड.

५ नोव्हेंबर

होडी नेमकी कधीची? अमळनेरकडचे मिस्तरी आले होते. त्यांनी फळीवर नख दाबून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, “भाऊ, हाई सागनं लाकूड शे. याले काही व्हत नही.” फळ्या एकीच्या काठावर दुसरी चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडल्या आहेत, प्रत्येक खिळ्याच्या आतल्या टोकाला तांब्याची छोटी वाटी घालून खिळा ठोकून पसरवलाय. अशा जोडणीच्या फटींत कापूस आणि राळ भरायची नसते, पाण्यात लाकूड फुगलं की फट आपोआप मिटते. मिस्तरींना हे काम नवीन. ते बराच वेळ एकेका वाटीवरून बोट फिरवत बसले.

काळाचा पुरावा मला लाकडात नाही, आट्यांत सापडला. पुढच्या कडीचा बोल्ट चार सुती, म्हणजे अर्धा इंच. त्यावर पिच गेज, म्हणजे आटे मोजायची पट्टी, लावला: इंचाला १२ आटे. अमेरिकी अर्ध्या इंचाला १३ असतात. म्हणजे हा इंग्लिश व्हिटवर्थ आटा. मागच्या फळीवरचे अडीच सुती बोल्ट मात्र गेजवर फसवतात, कारण त्या मापाला इंग्लिश आणि अमेरिकी दोन्हींचे आटे १८च. फरक फक्त आट्याच्या कोनात, इंग्लिश ५५ अंश आणि अमेरिकी ६०. भिंगाखाली धरून पाहिले, तेही व्हिटवर्थ. फळ्यांच्या जाड्या सगळ्या सुतात बसतात, मिलिमीटरमध्ये एकही सरळ आकडा येत नाही. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, त्यानंतरची काही वर्षं बदलण्यात गेली. तेव्हा होडी १९५०च्या दशकातली किंवा फार तर साठीच्या सुरुवातीची धरायला हरकत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

माझ्या मनात पहिल्यापासून जॉन्सन कंपनीची सी-हॉर्स मोटार आहे, दहा हॉर्सपॉवरची, १९५०च्या आसपासची. तिचं ते गोल डोक्याचं टोपण आणि रंग कुणालाही भुरळ घालील. आणि ती नुसती देखणी नव्हती. पुढे, न्यूट्रल आणि मागे असे तिन्ही गिअर आणि होडीत वेगळी ठेवायची पेट्रोलची टाकी, हे छोट्या मोटारींत रुळवलं ते तिनेच. जॉन्सन आणि इव्हिनरूड या दोन अमेरिकी कंपन्या १९३६ पासून एकाच छत्राखाली, त्यामुळे दोघींचे बरेच भाग एकमेकींना लागतात आणि अमेरिकेत अजून मिळतात. सगळं जॉन्सनच्या बाजूने.

आज होडीचं गणित मांडलं आणि मन खट्टू झालं.

हिचा तळ पाण्यावर उचलून घसरत जाणारा नाही. मागे तो वर वळत जातो, वल्ह्यांसाठी केलेला आहे. असा तळ पाणी बाजूला सारतच जातो आणि त्याच्या वेगाला लांबीची मर्यादा असते: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये. आमची टेकलेली लांबी १३ फूट, वर्गमूळ ३.६, गुणाकार ४.८ नॉट. ताशी नऊ किलोमीटरला थोडं कमी. त्यापुढे कितीही ताकद लावा, होडी पुढे पळत नाही, मागून खाली बसते आणि नाक वर करते. एवढ्या वेगाला दोन-तीन हॉर्सपॉवर पुरे. वर दहाच्या मोटारीचं तीस किलोंच्या आसपासचं वजन याच सव्वा इंची फळीवर लोंबणार, तेही दहाच्या जोराने ढकलत.

आणि वेगळ्या टाकीची गोष्ट. त्या काळच्या जॉन्सनमध्ये टाकीतलं पेट्रोल वर ओढायला पंप नव्हता. इंजिनातूनच दाबाची हवा एका नळीने टाकीत जायची आणि दुसऱ्या नळीने पेट्रोल वर ढकललं जायचं. म्हणजे लाकडी होडीत पायापाशी दाबाखालचं पेट्रोल, साठ-सत्तर वर्षांच्या झाकणाच्या भरवशावर. भाच्याला मी तिच्यात बसवणार आहे. नाही जमत.

जॉन्सनचं चित्र दुकानाच्या भिंतीवरून काढलं नाही, पण यादीतून नाव काढलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे कळलं ते नीट लिहून ठेवतो.

दुपारी भरीत-पुरीचा बेत होता. मागच्या फळीवर वंगण जिथे मुरलंय तो काळा डाग मी तासत होतो, आप्पा खाटेवर बसून पाहत होते. अचानक म्हणाले, “तो नको काढू. तिथं पाय द्यायचे आबा.” मी रंधा ठेवला. कशासाठी पाय द्यायचे? तर दोरी ओढायला. मोटारीच्या डोक्यावर चाक होतं, त्याला खाच होती. दोरीची गाठ खाचेत अडकवायची, दोन वेढे घालायचे, फळीवर पाय रोवून ओढायचं. दोरी निघून हातात यायची. मग आबा ती गळ्यात घालून बसायचे.

मी हळूहळू विचारत गेलो. चाकावर झाकण? नव्हतं, उघडं फिरायचं. आबांच्या उपरण्याचं टोक त्यात गेलं होतं एकदा, तेव्हापासून होडीत उपरणं काढून ठेवायचे. मागे कशी घ्यायचे होडी? मागे जायचीच नाही. उभीसुद्धा राहायची नाही, चालू झाली की निघालीच. घाटाच्या वीस हात अलीकडे मोटार बंद करायची, होडी आपल्या ओघात येऊन लागायची. “तुझे आबा घाटाला अशी लावायचे की पायरीवरच्या बाईचं पाणी हिंदकळायचं नाही.” पाण्यात काय जायचं? दोन नळ्या, एक बारकी, एक जाड, शेजारी-शेजारी. वर पितळेची टाकी, ती आजी चिंचेने घासायची.

उघडं चाक, सुटी दोरी, ना न्यूट्रल ना रिव्हर्स, दोन उघड्या नळ्या, पितळेची टाकी. हे वर्णन एकाच घराण्याला बसतं: ब्रिटिश सीगल. बारकी नळी दांड्याची, जाड नळी धुराची. आप्पांनी नाव कधी वाचलं नव्हतं, पण टाकीवर उडणारा पक्षी होता असं त्यांना पक्कं आठवतं.

मी दोन आठवडे आटे मोजत होतो आणि साक्षीदार खाटेवर बसलेला होता.

मोटार कुठे गेली हेही त्यांनी सांगितलं, सगळं खाऊन झाल्यावर, माझ्याकडे न बघता. तापीवरच्या हतनूर धरणाचं पाणी भरल्यानंतरचं दुसरं वर्ष. आबांना ताप होता, होडी आप्पांनी काढली. फळीला धरून ठेवणारे दोन फिरकीचे स्क्रू असतात, ते हाताने आवळायचे. एक आवळला, दुसरा राहिला. मधल्या धारेत हादऱ्यांनी पहिलाही सुटला आणि मोटार चालूच्या चालू पाण्यात गेली. धरणाने पाणी इतकं चढलं होतं की गळ टाकून, बुडी मारून काही हाती लागलं नाही. आबा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वल्ही घेऊन निघाले. आप्पा तेव्हा एकवीस वर्षांचे होते, आता त्रेसष्ट.

मी डाग तसाच ठेवलाय.

२३ नोव्हेंबर, रविवार

सीगल म्हटलं तरी कोणती, हा प्रश्न उरतोच.

या मोटारींची सुरुवात १९३१ ची, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनची, पुढे कारखाना दक्षिण किनाऱ्यावर पूलला गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी त्या हजारोंनी बनल्या. युद्धानंतरच्या मोटारींचे ढोबळ दोन गट: ६४ सीसीचा फॉर्टी आणि १०२ सीसीचा सेंच्युरी. सेंच्युरी जड होड्यांसाठी. आमच्या नऊ किलोमीटरला फॉर्टी गटातली फॉर्टी प्लस पुरते, ताकद तीन हॉर्सपॉवरच्या आत-बाहेर आणि वजन अठरा किलोंच्या आसपास. दांडा आखूड हवा, कारण मागची फळी १५ इंचांची, आखूड दांड्याचं ठरलेलं माप तेच. लांब दांडा २० इंची फळीसाठी असतो. तो आमच्याकडे लावला तर पंखा पाच इंच जास्त खोल जाईल, आणि तापीच्या पात्रात पाच इंच म्हणजे खडक.

पंख्याची एक गोष्ट मला फार आवडली. बाकीच्या बहुतेक मोटारींत पंखा आणि दांडा एका मऊ पिनेने जोडलेला असतो. पंखा दगडाला लागला की पिन तुटते, गिअर वाचतो, पण तुम्ही धारेच्या मध्यावर नवी पिन शोधत बसता. सीगलमध्ये पिनेच्या जागी जाड तारेची स्प्रिंग आहे. धक्का बसला की ती पीळ घेते आणि पुन्हा सरळ होते. हतनूरच्या फुगवट्याखाली बाभळींची खोडं आहेत, बुडालेल्या विहिरींचे कठडे आहेत. तिथे स्प्रिंगच पाहिजे.

कुणी सुचवलं की केरळकडच्या मच्छीमारांची रॉकेलवर चालणारी जपानी मोटार घे, सुटे भाग कोचीत मिळतील. सल्ला चांगला आहे. पण यामाहाची पहिली आउटबोर्ड, म्हणजे फळीवर टांगायची मोटारच १९६० ची, आणि ती रॉकेलची पिढी तर त्याहून नंतरची. या होडीचे कामाचे दिवस तेव्हा अर्धे सरले होते.

१४ डिसेंबर, रविवार

तीन आठवड्यांत दोन मोटारी पाहिल्या.

पहिली एका विक्रेत्याने ‘पन्नास सालची’ म्हणून दाखवली. रंग नवा, पितळ चकचकीत. मी नंबर मागितला. सीगलमध्ये पुढच्या काळात नंबराच्या शेवटी महिन्याचं अक्षर आणि वर्षाचा आकडा येतो: ए म्हणजे जानेवारी, तिथून क्रमाने, आय सोडून, एम म्हणजे डिसेंबर. ऐंशीच्या सुमारास ते अक्षर दोनदा छापायला लागले. हिच्या नंबरात अक्षर जोडीने होतं. मोटार चांगली असेलही, पण आमची होडी लिलावात विकली गेली त्याच्या कितीतरी नंतरची. सोडली.

दुसरी मुंबईला दारूखान्यात, जहाजांच्या भंगारात. मामेभाऊ रे रोडला कामाला आहे, त्याने फोनवरून फिरवून-फिरवून दाखवली. रंग नाही, टाकीला पोचा, दोरीची खाच झिजलेली, पंख्याचं एक पातं वाकलेलं. पण टाकी पितळेची, दांडा आखूड, नंबराच्या शेवटी तारखेचं अक्षरच नाही म्हणजे त्या पद्धतीच्या आधीची, आणि चाकाच्या तबकडीवर व्हिलियर्स हे नाव. पुढच्या मोटारींत विपॅकचा मॅग्नेटो (ठिणगी पाडणारा भाग) असतो, व्हिलियर्सचा आधीच्यांत. मी म्हटलं, चाक हाताने फिरवून बघ. फिरलं. “दादा, आत काहीतरी दाबल्यासारखं लागतं,” म्हणाला. ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर अजून दाब धरतो. घेऊन टाक म्हटलं.

२० डिसेंबर

मामेभाऊ रात्रीच्या गाडीने भुसावळला उतरला, मोटार गोणपाटात गुंडाळून बर्थखाली. आप्पा स्टेशनवर यायचं म्हणाले नव्हते, पण पहाटे चारला गाडीत बसून तयार होते. घरी आल्यावर गोणपाट त्यांनीच सोडलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टाकीवरचा पोचा दाखवून म्हणाले, “आपलीला इथं नव्हता.”

२८ डिसेंबर, रविवार

चाक काढलं. व्हिलियर्सची युक्ती सुंदर आहे. मधला नट सैल करताना आधी सुटतो, मग पुन्हा घट्ट लागतो. नवखा माणूस इथे घाबरतो. पण तो घट्टपणाच चाकाला वर ओढत असतो. पान्यावर हातोडीचा एक ठोका, आणि चाक वर. वेगळा पुलर लागत नाही. चाक काढल्याबरोबर आतल्या चुंबकांना लोखंडी पट्टी चिकटवून ठेवली, नाहीतर जुनी चुंबकं उघड्यावर ताकद सोडतात.

पाना कोणता लागला हे लिहायला हवं. आबांच्या ट्रंकेत तीन व्हिटवर्थ पाने होते. होडीच्या फळीचे बोल्ट ज्या अडीच सुती पान्याने उघडले, त्याच पान्याने मोटारीच्या कंसाचे नट उघडले.

कॉइल मेली आहे. मीटर काहीच दाखवत नाही, आतली बारीक तार तुटलेली.

इथे थोडं थांबून लिहितो, कारण हे माझं रोजचं काम आहे आणि तरी हे वेगळं निघालं. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. चाकातली चुंबकं कॉइलच्या गाभ्यासमोरून जातात तेव्हा जाड तारेच्या वेढ्यांत करंट उभा राहतो, तोपर्यंत पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी टोकं, मिटलेले असतात. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, करंट एकदम तुटतो, गाभ्यातलं चुंबकत्व कोसळतं आणि बाहेरच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्ट उसळतात. प्लगमध्ये ठिणगी पडते. पाणबुडी मोटारीत मी जी तार भरतो ती बोटांना कळते. इथली तार ४४ नंबरची, केसासारखी, दिव्यासमोर धरली तरच दिसते.

मूळ वेढे किती ते मोजता येईना, तार उलगडताना तुकडे होत होते. मग सगळे तुकडे सोनाराच्या काट्यावर तोलले, जाडीवरून लांबी काढली, लांबीवरून वेढे. साडेआठ ते नऊ हजारांच्या मधे.

४ जानेवारी २०२६, रविवार

कॉइल भरली. तीन वेळा तार तुटली, एकदा सात हजारांवर. प्रत्येक थरावर पातळ कागद, आणि वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आखूड, म्हणजे कडेला ठिणगी उडी मारणार नाही. रात्री अकरानंतर काम केलं, कारण दिवसा रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला तरी टेबल थरथरतं. वार्निशमध्ये बुडवून मंद आचेवर आठ तास सुकवली. कंडेन्सर नवा, ०.२२ मायक्रोफॅरडचा. पॉइंट पॉलिशच्या कागदाने साफ केले, फट ०.०२० इंच, प्लगचीही तेवढीच.

अंधार करून दोरी ओढली. निळी, जाड, कडक आवाजाची ठिणगी. भाचा म्हणाला, “मामा, पुन्हा.” वीस वेळा ओढली असेल.

११ जानेवारी

इंजिनाच्या आसाला बॉल बेअरिंग नाही, साध्या ब्राँझच्या बुश आहेत. त्या झिजल्या होत्या. भुसावळच्या लेथवाल्या मित्राने नव्या घासून दिल्या. सिलिंडरभोवतीचा पाण्याचा रस्ता समुद्राच्या क्षाराने भरलेला निघाला. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात दोन रात्री ठेवल्यावर पिवळट चिखल बाहेर आला.

पेट्रोलचा प्रश्न याहून कठीण आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. मापाच्या नळीत शंभर मिली पेट्रोल घेऊन दहा मिली पाणी घातलं आणि हलवून ठेवलं. खालचा पाण्याचा थर तीसच्या जवळ गेला, सगळं इथेनॉल पाण्याने ओढून घेतलं. टाकीत ओल शिरली तर हेच होणार, तळाशी पाणी-इथेनॉल आणि ते इंजिनात सगळ्यात आधी जाणार. टाकीच्या तोटीचा बूच लाखेचा हात दिलेला होता, तो आठवड्यात चिकट झाला. बूच काढून नायट्राइल रबराच्या चकत्या घातल्या. दिसायला फरक पडत नाही, आत पाहणारं कुणी नाही, आणि पेट्रोल गळू नये हे काळाशी इमान राखण्यापेक्षा मोठं. यापुढे प्रत्येक फेरीनंतर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करायचे.

१४ जानेवारी, संक्रांत

पिंपात पाणी भरून मोटार लावली. जुन्या नियमाप्रमाणे दहास एक: दहा भाग पेट्रोल, एक भाग ऑइल. ब्राँझच्या बुशना सील नसतात, ऑइलचा थरच तिथे सीलचं काम करतो, म्हणून एवढं ऑइल.

चौथ्या ओढीला चालू झाली. आवाज ऐकून गल्ली जमली. आप्पा म्हणाले, “हाच.”

पाच मिनिटांत पिंपातल्या पाण्यावर सात रंगांचा तवंग आला. नदीकाठचे भोई काका, ज्यांची जाळी हतनूरच्या पाण्यात असतात, तिळगूळ द्यायला आले होते. त्यांनी बोट बुडवून वास घेतला. “भाऊ, हे तू माशांना पाजशीन का?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

१८ जानेवारी, रविवार

चार दिवस हाच विचार. सीगलवाले जुन्या मोटारी पंचवीसास एकवर आणतात, पण तेव्हा कार्ब्युरेटरची सुई बदलतात. कारण ऑइल कमी झालं की मिश्रण पातळ होतं, त्यातून पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन ओलं चालतं. उलट इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याने तेच मिश्रण कोरडं होतं. म्हणजे एक चूक ओलीकडे नेते, दुसरी कोरडीकडे. माझ्या बुश नव्या आहेत, ऑइल आजचं चांगल्या प्रतीचं. सुई न बदलता पंचवीसास एक करून पिंपात वीस मिनिटं चालवली. प्लग काढून पाहिला: चहाच्या रंगाचा, ना काळा, ना पांढरा. तवंग पुष्कळ कमी, पण आहे.

तेव्हा हेही ठरवलं की मोटार फक्त मधल्या धारेपुरती. हिवाळ्यात फुगवट्याच्या उथळ कडेला उत्तरेकडून आलेली बदकं असतात, पक्षीवाले दुर्बिणी घेऊन बसतात. तिथे वल्ही. आबांनीही पुढची सगळी वर्षं वल्हीच मारली होती.

धरणाच्या पाण्यात यंत्राची होडी चालवायला परवानगी लागते. अर्ज दिला होता, ती आली. दिवसाउजेडी, भिंतीपासून लांब. तीन जीवरक्षक जाकिटं आणली.

२५ जानेवारी, रविवार

होडी घाटाशी पाण्यात बांधून ठेवली. पहिल्या तासात अर्धी भरली, जमलेल्यांनी माना हलवल्या. मिस्तरी मात्र शांत बसून होते. दुसऱ्या दिवशी पाणी उपसलं, पुन्हा भरलं पण कमी. चौथ्या दिवशी तळ कोरडा. फळ्या फुगून एकमेकींना बसल्या. एकही फट भरावी लागली नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेआठला मोटार फळीवर ठेवली. काळा डाग बरोबर तिथे आला जिथे ओढणाऱ्याचा पाय येतो.

स्क्रू आवळायला मी हात घातला तर आप्पांनी माझा हात बाजूला केला. डावा आवळला. उजवा आवळला. पुन्हा डावा. मग मी आणलेली साखळी मोटारीच्या कंसातून घेऊन फळीच्या कडीला अडकवली, ती त्यांनी दोनदा ओढून पाहिली. दोरी त्यांच्याच गळ्यात होती. उपरणं त्यांनी काठावर भोई काकांकडे दिलं.

तिसऱ्या ओढीला चालू. चालू झाली की निघालीच, हे माहीत असूनही भाचा मागे पडता-पडता वाचला. जीपीएसवर ताशी साडेआठ किलोमीटर दाखवत होतं, त्यापुढे दांडी ढकलली तर नुसता आवाज वाढला. गणित बरोबर होतं. चांगदेवाच्या देवळाच्या बाजूला, पूर्णा जिथे तापीत मिळते, तिथवर जाऊन वळलो. पुढे उथळ लागलं, मोटार बंद केली, मी वल्ही घेतली. बदकं उठली नाहीत.

परतताना मधल्या धारेत एका जागी आप्पांनी पाण्याकडे बोट केलं. “इथंच.” मी वेग कमी केला. ते म्हणाले, “चल.”

घाटाच्या वीस हात अलीकडे त्यांनी मोटार बंद केली. होडी आपल्या ओघात आली आणि पायरीला लागली. जरा जोरातच लागली.

३ फेब्रुवारी

खालच्या गिअरपेटीचं ऑइल काढून पाहिलं. दुधासारखं पांढरट, म्हणजे पाणी शिरतंय. या मोटारींत थोडं शिरतंच, म्हणून १४० नंबरचं जाड ऑइल घालतात आणि वरचेवर बदलतात. बदललं. स्प्रिंगवर एक ताजी खूण दिसते, कुठेतरी खोड लागलं असणार, आम्हाला कळलंही नाही. पंख्याचं वाकलेलं पातं अजून पूर्ण सरळ नाही, त्याने बारीक थरथर येते. ते ब्राँझवाल्याकडे द्यायचं. टाकी रिकामी केली. महाशिवरात्र १५ तारखेला, चांगदेवच्या यात्रेच्या गर्दीत होडी काढायची नाही. पुढची फेरी २२ ला, आप्पांनी सांगून ठेवलंय, घाटाला लावायचा सराव करायचा आहे.